ईदचा दिवस आणि घर जोडणारी दादी

इस्लामने मुस्लिम समाजाला वर्षातून दोन सण दिले आहेत. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार, प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तेथील लोक वर्षातील दोन दिवस खेळ-करमणुकीत घालवीत असत. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले, की या दोन दिवसांच्या जागी अल्लाहने तुम्हाला त्यांहून उत्तम असे दोन दिवस दिले आहेत. एक ईद-उल-फित्र, दुसरा ईद-उल-अजहा. हे दोन्ही दिवस उपासनेला जोडून येतात. एक महिनाभराच्या रोजांनंतर येतो, दुसरा हजच्या दिवसांत येतो. म्हणून ईद हा केवळ खाण्यापिण्याचा व नव्या कपड्यांचा दिवस नाही. आज्ञापालनानंतर कृतज्ञतेने आनंद मानण्याचा तो दिवस आहे.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरांत हा दिवस ज्या व्यक्तीच्या आधारावर उभा राहतो, तिच्याविषयी आपण फारसा विचार करत नाही. ती व्यक्ती म्हणजे घरातील दादी किंवा नानी. शेवया कधी आणायच्या, खारीक कधी भिजत घालायची, फित्रा कोणाच्या घरी पोहोचवायचा, कोणत्या लेकीला निरोप धाडायचा, कोणत्या रुसलेल्या भावाला बोलवायचे, हे सारे तिच्या मनात रमजानच्या कितीतरी आधी ठरलेले असते. तिला विचारले, की यंदा ईदला तुम्हाला काय हवे, तर बहुतेक वेळा ती स्वतःसाठी काहीच मागत नाही. सगळी लेकरे एका दस्तरखानावर बसलेली दिसावीत, एवढीच तिची इच्छा असते.

ही इच्छा भोळ्या मायेची वाटते. परंतु इस्लामी शिकवणीत तिला फार मोठे स्थान आहे. तिचे नाव आहे सिलारहमी, म्हणजे रक्ताची नाती जोडून ठेवणे. दादीचा ईदचा उद्देश म्हणजे एक उपासनाच आहे, आणि ही उपासना तिच्या एकटीवर सोडून देण्याचा अधिकार घरातील कोणालाही नाही. या लेखात आपणास हेच समजून घ्यायचे आहे.

जालन्यातील घर: काल आणि आज

आपल्या जालना जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. आज ज्या दादी सत्तरीच्या आहेत, त्यांनी त्याआधीचा काळही पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळात त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावरची खडी, रांगेत मिळणारी सुकडी आणि कोरड्या विहिरी त्यांना आठवतात. पुढे २०१२-१३ चा दुष्काळ त्यांनी नातवंडांसह सोसला. त्या वर्षी जालना शहराला पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलावही शहराची तहान भागवू शकला नव्हता. टंचाईतही ईद साजरी करता येते, हे या पिढीने अनुभवाने जाणले आहे.

या दादींनी ईद प्रत्येक ऋतूत पाहिली आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ईद दरवर्षी अलीकडे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने हा पूर्ण फेरा दोनदा पाहिलेला असतो.

या फेऱ्याचा घरावर होणारा परिणाम आपण लक्षात घेतला पाहिजे. २०१९ साली ईद-उल-फित्र ५ जूनला आली आणि २०२२ साली ३ मेला. मधली दोन वर्षे महामारीच्या निर्बंधांत गेली. त्या काळात ईद उन्हाळ्याच्या सुटीत येत असे. शाळा बंद असत, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परतलेली असत, पुण्या-मुंबईतील मुले रजा काढून येत. घर आपोआप भरत असे. २०२५ साली ही ईद ३१ मार्चला आली. आता ती फेब्रुवारीकडे, आणि पुढे जानेवारीकडे सरकत आहे. हे दिवस शाळेचे व परीक्षांच्या तयारीचे आहेत. दिवाळीनंतर जिल्ह्यातील अनेक गावांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे या दिवसांत कारखान्यांच्या परिसरात असतात. त्यांची लेकरे मागे गावात आजीजवळ राहतात. वाळूज, चाकण, मुंबई किंवा आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांनाही या दिवसांत सुटी मिळणे कठीण असते.

म्हणजे येत्या कितीतरी वर्षांत ईद-उल-फित्रला घर आपोआप भरणार नाही. जे घर पूर्वी ऋतू भरत होता, ते आता निश्चयाने भरावे लागेल. म्हणूनच दादीचा उद्देश काय आहे आणि त्यात आपला वाटा काय आहे, हे समजून घेण्याची हीच वेळ आहे.

पहिला उद्देश: तिची स्वतःची उपासना

दादी सर्वप्रथम अल्लाहची दासी आहे. आई, सासू आणि आजी ही नाती त्यानंतरची आहेत. रमजान तिच्यासाठीही आहे. परंतु अनेक घरांत रमजानचे शेवटचे दहा दिवस तिच्यासाठी सर्वाधिक कष्टाचे ठरतात. हजरत आयशा (रजि.) सांगतात, की या दहा रात्रींत प्रेषित (स.) स्वतः जागत व आपल्या घरच्यांनाही जागवीत. लैलतुल कद्र याच रात्रींत शोधायची आहे. आपल्याकडे मात्र याच रात्री बाजार फुलतो. तरुण मंडळी खरेदीला जातात आणि दादी घरी लहान मुले सांभाळत, सुकामेवा निवडत बसते. जिच्या आयुष्यातील किती रमजान उरले आहेत हे अल्लाहलाच ठाऊक, तिचीच रात्र आपण हिरावून घेतो.

घरातील काम शुद्ध हेतूने केले तर त्याचे पुण्य मिळते, यात शंका नाही. कृतींचे मूल्य नियतीवर ठरते, ही प्रेषितांची (स.) शिकवण प्रसिद्ध आहे. परंतु दादीच्या चांगल्या नियतीचा आधार घेऊन इतरांनी आपले काम तिच्यावर टाकणे, हा त्या शिकवणीचा अर्थ नव्हे. खुद्द प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावीत आणि नमाजची वेळ होताच नमाजला जात, असे हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे.

दुसरी बाब रोजांची. वृद्धापकाळामुळे जिला रोजा झेपत नाही आणि पुढेही झेपण्याची आशा नाही, तिच्यासाठी शरीअतने फिदयाची सवलत ठेवली आहे. सूरह बकराच्या १८४ व्या आयतीच्या आधारे प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवू घालायचे. हनफी मतानुसार एका रोजाचा फिदया एका फित्र्याएवढा असतो. जिचा आजार बरा होण्यासारखा आहे, तिने मात्र बरे झाल्यावर सुटलेले रोजे पूर्ण करायचे आहेत. अनेक वृद्ध स्त्रिया मधुमेह वा रक्तदाबाचे औषध टाळून रोजे ठेवतात, कारण लोक काय म्हणतील, अशी त्यांना भीती वाटते. मुलांनी डॉक्टरांचा व जाणत्या आलिमांचा सल्ला घेऊन, तिच्याशी हळुवारपणे बोलले पाहिजे. अल्लाहने दिलेली सवलत स्वीकारणे हीसुद्धा बंदगीच आहे. फिदयाचे पैसे तिच्याच हातांनी दिले जावेत, म्हणजे आपण रमजानबाहेर पडलो, असे तिला वाटणार नाही.

दुसरा उद्देश: तुटलेले जोडणे

बहुतेक घरांत एखादे तरी नाते दुखावलेले असते. कुठे बांधाचा वाद असतो, कुठे विहिरीच्या पाळीचा, तर कुठे लग्नात झालेल्या मानापमानाचा. दोन भाऊ एकाच ईदगाहात एकाच इमामामागे नमाज पढतात आणि गळाभेट टाळून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. दादीच्या घशाखाली त्या दिवशी शीरखुर्मा उतरत नाही.

प्रेषितांची (स.) शिकवण येथे स्पष्ट आहे. एका मुस्लिमाने आपल्या बंधूशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे वैध नाही. दोघांपैकी जो आधी सलाम करतो, तो अधिक चांगला. नातेवाइकांनी चांगले वागवले म्हणून आपणही चांगले वागणे, ही केवळ परतफेड होय. समोरच्याने नाते तोडले असताना जो ते जोडतो, तोच खरा नाते जोडणारा. सूरह निसाच्या पहिल्याच आयतीत अल्लाहचे भय बाळगण्याच्या आदेशासोबत रक्तनात्यांची जाणीव ठेवण्याचा आदेश आला आहे.

दादीने हे कार्य कसे करावे? पहिली गोष्ट, तिने न्यायाधीश होऊ नये. बांध कोणाचा, हे मोजणीने व जाणत्यांच्या मध्यस्थीने ठरेल. तिने केवळ बोलणे सुरू करून द्यावे. दुसरी गोष्ट, एकाचे कडू शब्द दुसऱ्याच्या कानी तिने पोहोचवू नयेत. हजरत उम्मे कुलसूम बिन्ते उकबा (रजि.) यांच्या कथनात आले आहे, की दोघांत समेट घडवण्यासाठी जो चांगल्या गोष्टी पोहोचवतो, तो खोटा ठरत नाही. थोरल्याने धाकट्याच्या मुलीच्या तब्येतीची चौकशी केली असेल, तर ती गोष्ट धाकट्याला जरूर सांगावी. तिसरी गोष्ट, यासाठी ईदच्या दिवसाची वाट पाहू नये. ईदच्या दिवशी पाहुण्यांसमोर कोणीही अचानक नमते घेत नाही. ही सुरुवात रमजानच्या पहिल्या आठवड्यातच व्हावी. एकाच्या हाती दुसऱ्याकडे इफ्तारीचे ताट धाडले, तर पुष्कळदा वाट मोकळी होते.

मुलांनीही ध्यानात ठेवावे, की आईच्या समोर भावाशी सलोख्याचे दोन शब्द बोलणे ही तिच्यासाठी कोणत्याही साडीपेक्षा मोठी ईदी आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २३-२४) अल्लाहने आपल्या उपासनेच्या आदेशालगतच मातापित्यांशी सद्वर्तनाचा आदेश दिला आहे. त्यांच्या वृद्धापकाळात वैतागाचा साधा उद्गारही काढण्यास तेथे मनाई केली आहे. जी आई दोन मुलांच्या मध्ये दरवर्षी झुरते, तिच्याशी उद्धटपणे न बोलणे एवढ्यानेच या आदेशाचा हक्क पूर्ण होतो काय? प्रत्येकाने हा प्रश्न आपल्या मनाला विचारावा.

तिसरा उद्देश: लेकरांत न्याय

ईदी देताना दादीची खरी परीक्षा होते. नातवाला शंभर आणि नातीला पन्नास. मुलाच्या मुलांना नवे कपडे आणि मुलीच्या मुलांना केवळ मिठाई. जवळ राहणाऱ्यांना जास्त आणि परगावच्यांना कमी. हे अंतर मोठ्यांना क्षुल्लक वाटते, पण लहान मुले ते आयुष्यभर विसरत नाहीत.

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार होण्याची विनंती केली. आपल्या सर्व मुलांना तुम्ही असेच दिले आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. उत्तर नकारार्थी आले. तेव्हा त्यांनी अल्लाहचे भय बाळगून मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली आणि वडिलांनी ती भेट परत घेतली. ही ताकीद आई-वडिलांना आहे. आजी-आजोबांनीही तिच्यापासून बोध घ्यावा.

मुलीच्या मुलांविषयी प्रेषितांचे (स.) स्वतःचे आचरण पाहा. हजरत उमामा ही त्यांच्या कन्या हजरत झैनब (रजि.) यांची मुलगी, म्हणजे त्यांची नात. तिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज अदा केली. सजद्याला जाताना ते तिला खाली ठेवीत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत. ज्या समाजात मुलीचा जन्म लाजिरवाणा मानला जात होता, त्या समाजासमोर हे घडले. लेकीच्या लेकीला परकी मानणाऱ्याने या घटनेवर विचार करावा.

याच अनुषंगाने एक गंभीर बाब मांडणे आवश्यक आहे. आपल्या समाजात अनेक भाऊ बहिणींना ईदीला साडी-चोळी देतात, माहेरी आदराने बोलावतात. हे उत्तम आहे. परंतु त्याच बहिणीचा वारसा हक्क मात्र देत नाहीत आणि वर्षानुवर्षांच्या ईदीतच तो हक्क फिटला असे मानतात. सूरह निसाच्या ७ व्या आयतीने मालमत्ता थोडी असो वा फार, तीत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा निश्चित केला आहे. ईदी ही भेट आहे आणि वारसा हा हक्क आहे. भेट दिल्याने हक्क संपत नाही. घरात हे ठामपणे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा दादीच असते, कारण तिच्यासमोर मुलगे आवाज चढवत नाहीत.

दादीचा स्वतःचाही हक्क आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिले खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याकडे एक आजी आपल्या नातवाच्या मालमत्तेतील वाटा मागण्यासाठी आली. अल्लाहच्या ग्रंथात तुझा वाटा मला आढळत नाही, प्रेषितांची (स.) यासंबंधीची सुन्नतही मला माहीत नाही, तू परत जा, मी लोकांना विचारतो, असे त्यांनी तिला सांगितले. मग हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांनी साक्ष दिली, की प्रेषितांनी (स.) आजीला सहावा हिस्सा दिला होता. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दुसरा साक्षीदार विचारला. हजरत मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांनी दुजोरा दिला, आणि आजीला तिचा वाटा मिळाला. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात दुसऱ्या बाजूची आजी आली, तेव्हा तोच सहावा हिस्सा दोघींत वाटून घ्यावा, असे ठरले. मृताची आई हयात असेल तर आजीला हा वाटा मिळत नाही, अशा अटी त्यात आहेत. त्या आलिमांकडून समजून घ्याव्यात. परंतु या प्रसंगाचा बोध लक्षात घ्या. एक वृद्ध स्त्री राज्याच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीसमोर उभी राहून आपला हक्क मागते, आणि तो सिद्ध करण्यासाठी खलिफा स्वतः साक्षीदार शोधतो! इस्लामने आजीला दिलेला मान हा असा आहे.

चौथा उद्देश: दीन पुढच्या पिढीला सोपवणे

हजरत याकूब (अ.) यांचा अंतिम समय सूरह बकरामध्ये (आयत १३३) वर्णिला आहे. मुले भोवती जमली होती. त्यांनी मुलांना जमीन-जुमल्याविषयी विचारले नाही. माझ्यानंतर तुम्ही कोणाची उपासना कराल, एवढेच विचारले. प्रत्येक दादीच्या मनात हाच प्रश्न असतो, जरी तो तिला शब्दांत मांडता आला नाही तरी. ईद हा या प्रश्नाचे उत्तर घडवण्याचा दिवस आहे.

शिकवण्यासाठी व्याख्यान लागत नाही. फित्र्याचेच पाहा. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) लहान-मोठ्या, स्त्री-पुरुष प्रत्येक मुस्लिमामागे एक साअ खजूर वा जव असा फित्रा ठरवला आणि तो ईदच्या नमाजपूर्वी देण्यास सांगितले. हनफी मतानुसार गव्हाचा अर्धा साअ धरतात. आपल्याकडे तो पावणेदोन किलोच्या आसपास मानला जातो आणि त्यानुसार रक्कम जाहीर होते. आपण ती रक्कम मोबाइलवरून पाठवून मोकळे होतो. दादीने मात्र एकदा तरी नातवंडांना समोर बसवून, प्रत्येकाच्या नावाचे गहू त्याच्याच हातांनी मोजून घ्यावेत. कालच जन्मलेल्या बाळाच्या नावानेही गहू मोजले जातात हे पाहून मुलांना जे उमगते, ते पुस्तकातून उमगत नाही. आपल्या आनंदात गरिबाचा वाटा आधी निघतो, मग आपण जेवतो, हा तो धडा आहे.

हाच साअ पाण्याचाही धडा देतो. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात स्नान करीत, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. चार मुद्द मिळून एक साअ होतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे ईदच्या सकाळच्या स्नानासाठी प्रत्येकाला मोजून पाणी देणारी दादी कंजूष ठरत नाही. ती सुन्नतच शिकवत असते.

तिसरा धडा शेजारधर्माचा. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा धाडला काय, असे त्यांनी घरच्यांना पुन्हा विचारले. शेजाऱ्याच्या हक्काविषयी प्रेषितांनी (स.) दिलेली ताकीद त्यांना आठवत होती. आपल्या वाड्या-वस्त्यांत दादी शीरखुर्म्याचे डबे हिंदू, बौद्ध शेजाऱ्यांकडे धाडते आणि दिवाळीत त्यांच्याकडचा फराळ आपल्याकडे येतो. डबा नेण्याचे काम नातवंडांना द्यावे. शेजाऱ्याला काय चालते व काय चालत नाही, याची चौकशी आधी करावी. मांसाहार न करणाऱ्यांकडे गोडच धाडावे. यातून मुलांना शेजाऱ्यांची नावे कळतात, त्यांच्या घरातील आजारपणे कळतात आणि माणसे भीतीऐवजी ओळखीने बांधली जातात.

आनंदाचाही हक्क आहे. ईदच्या दिवशी हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना रागावून गप्प करण्याचा प्रयत्न केला. तेव्हा, प्रत्येक समाजाचा सण असतो आणि आज आपला सण आहे, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्या मुलींना राहू देण्यास सांगितले. मुलांच्या हसण्या-खेळण्यावर ईदच्या दिवशीही ओरडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ज्या मुलाला दीन केवळ दटावणीतून भेटतो, तो मोठेपणी दीनापासून दूर जातो.

कुटुंबाचे कर्तव्य

आता मुलांकडे, सुनांकडे व नातवंडांकडे वळू. ईदच्या सकाळी पुरुष ईदगाहाकडे निघतात. दादी पहाटेपासून चुलीशी किंवा गॅसशी उभी असते. पाहुण्यांची रीघ दुपारपर्यंत संपत नाही. शेवटचे ताट उचलल्यावर तिच्यासाठी शीरखुर्मा उरला आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. हजरत उम्मे अतीया (रजि.) यांच्या कथनातून कळते, की प्रेषितांनी (स.) तरुण मुलींना, पडद्यातील स्त्रियांना, एवढेच नव्हे तर ज्यांना नमाज माफ आहे अशा ऋतुमती स्त्रियांनाही ईदच्या भल्या प्रसंगी व दुआमध्ये सामील होण्यासाठी बाहेर आणण्यास सांगितले होते. ऋतुमती स्त्रियांनी केवळ नमाजच्या जागेपासून वेगळे राहावे, एवढेच बजावले होते. जेथे स्त्रियांसाठी पडद्याची व बसण्याची सोय आहे, तेथे दादीला सन्मानाने घेऊन जावे. जेथे सोय नाही, तेथे किमान घरात सर्वांनी मिळून तिच्या सोबतीने तकबीर म्हणावी, दुआ करावी. आनंदाच्या या दिवशी तिची जागा केवळ स्वयंपाकघरात असू नये.

यासाठी पुढील गोष्टी या ईदपूर्वीच ठरवाव्यात:

१. रमजानच्या सुरुवातीला दादीसोबत बसून तिला विचारावे, की यंदा तुमच्या मनात काय आहे. कोणाला भेटायचे आहे, कोणाला माफ करायचे आहे, कोणाला काही द्यायचे आहे. तिचे म्हणणे ऐकून लिहून ठेवावे.

२. कामाची वाटणी करावी. बाजार मुलांनी करावा, सुकामेवा नातवंडांनी निवडावा, भांडी व पाहुण्यांची सरबराई तरुणांनी करावी. दादीने चव सांगावी, कष्ट इतरांनी घ्यावेत. हे काम केवळ सुनेवर ढकलणे हीसुद्धा वाटणी नव्हे.

३. शेवटच्या दहा रात्रींपैकी काही रात्री तिला पूर्णपणे मोकळ्या द्याव्यात. त्या रात्री लहान मुलांना इतरांनी सांभाळावे.

४. जे येऊ शकत नाहीत, त्यांनी ईदच्या नमाजनंतर पहिला फोन दादीला करावा आणि घाईत करू नये. ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांचे लेकरू आजीजवळ असेल, तर त्या लेकराशी त्या दिवशी निवांत बोलावे. त्याच्या कपड्यांची व फित्र्याची काळजी नातेवाइकांनी घ्यावी. आई-वडील दूर असले तरी ते मूल घरात उपरे ठरू नये.

५. दोन्ही ईदपैकी एक ईद संपूर्ण कुटुंबाच्या भेटीसाठी राखून ठेवावी. ईद-उल-अजहा २०२५ मध्ये ७ जूनला आली. त्यानंतरची दोन-तीन वर्षे ती मे महिन्यात येते. मे म्हणजे शाळांना सुटी आणि ऊसतोडीच्या हंगामाची अखेर. जे घर ईद-उल-फित्रला भरू शकत नाही, ते या ईदला भरू शकते. कुर्बानीचे मांस व रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचते ते ईशभय, असे सूरह हजच्या ३७ व्या आयतीत स्पष्ट केले आहे. भावाशी असलेला दुरावा मनात ठेवून कुर्बानीचे वाटे करणाऱ्याने या आयतीचा विचार करावा.

बंधुभगिनींनो, दादी कायम राहणार नाही. तिच्या मागे शीरखुर्म्याची चव कोणी ना कोणी शिकून घेईलच. परंतु रुसलेल्या भावांना एका दस्तरखानावर बसवण्याची तिची कला, मोजून फित्रा देण्याची तिची शिस्त, नात व नातू यांना सारखी ईदी देणारा तिचा हात, हे सारे आजच शिकून घेतले नाही तर तिच्याबरोबरच जाईल. ज्या घराने ते शिकून घेतले, त्या घरात दादीनंतरही दस्तरखान एकच राहील. ज्याने केवळ तिच्या हातचे खाल्ले, त्या घरात पुढच्या ईदला दस्तरखान दोन होतील.

अल्लाह आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना आरोग्य व ईमानाची दौलत देवो, जे निघून गेले त्यांना क्षमा करो, आपली तुटलेली नाती जोडण्याची आपणास सद्बुद्धी देवो आणि आपल्या लेकरांना दीनावर एकत्र ठेवो. आमीन.